पित्तमारीची मुळी

“खरं सांग, पोरी. बिया खाल्ल्या असशील तर ह्येच्यानं वाचशील. खाल्ल्या नसशील तर ह्येच्यानंच पडशील.”

बायजाबाईचा आवाज. डोंगरभर म्हशींना हाका घालून घोगरा झालेला. पण त्या दुपारी तिनं तो इतका खाली आणला होता, की दारात उभ्या असलेल्या आप्पांना, माझ्या वडिलांना, नुसतं पुटपुटणंच ऐकू गेलं असेल. ती माझ्या बाजेशेजारी उकिडवी बसली होती. एका हातात मुळ्यांची जुडी, दोऱ्यासारख्या लांब, पिवळसर, अजून ओल्या मातीच्या. दुसऱ्या हातात त्याच मुळ्या उगाळून पाण्यात कालवलेली वाटी.

मी एकही बी खाल्ली नव्हती. खाल्ले होते ते रव्याचे लाडू, तीन. तेही पाहुण्यांसाठी भरून ठेवलेल्या डब्यातले, सकाळी आत्याची पाठ फिरल्यावर.

“बोल की,” बायजाबाई म्हणाली.

“काय विचारत बसलीयास तिला?” आप्पा दारातून ओरडले. “दे लवकर. पावणं फाट्यावर उतरल्यात.”

मी वाटीकडे बघत राहिले. त्या बाजेवर मी कशी येऊन पडले ते आधी सांगते. फार लांबचं नाही, सगळं एका सकाळीच घडलं.

ते चौऱ्याहत्तर साल. आमची ऐनवाडी डोंगराच्या पोटात. कोल्हापूरची गाडी धरायची तर शेतांच्या बांधाबांधानं दीड मैल चालून फाट्यावर जायचं. त्या वर्षी मी मॅट्रिक पास झाले होते. शाळेतल्या नलिनीबाईंनी माझ्या नावानं मिरजेच्या एका दवाखान्यात नर्सिंगसाठी अर्ज धाडला, आणि तिकडून उत्तर आलं. सोमवारी सकाळी अकरा वाजता मुलाखतीस हजर राहावे. बाई मला कोल्हापूरच्या स्टँडवर भेटणार होत्या. ते पत्र मी इतक्यांदा उघडलं, की घडीवर कागद विरत आला.

बायजाबाईलाही मी ते वाचून दाखवलं होतं. वरच्या धनगरवाड्यावरून ती दर गुरुवारी लोणी घेऊन यायची. अक्षरओळख नव्हती, पण पत्र ऐकायची तिला भारी हौस.

“परत वाच. त्ये ‘हजर ऱ्हावे’ पासनं.”

मी परत वाचायची.

“आणि मग डोईला ती पांढरी टोपी घालतीस तू?”

“आधी निवड तर होऊ दे, मावशी.”

“व्हईल. न व्हायला काय, तू काय आमच्यावाणी म्हशीमागं वाढलीयास?” आणि ती पानावरचं लोणी तोलण्याआधीच त्यावर थोडं जास्तीचं थापायची, जणू निवड झालीच.

आप्पा वाईट माणूस नव्हते. आई मी सहा वर्षांची असताना गेली. तेव्हापासून त्यांनी आणि त्यांच्या विधवा बहिणीनं, माझ्या आत्यानं, मला वाढवलं. पण अठरा वर्षांची मुलगी घरात म्हणजे त्यांना उशाखाली निखारा ठेवल्यासारखं वाटायचं. आत्या पहाटे दळायला बसली की मुद्दाम त्यांना ऐकू जाईल अशी गायची:

*सोयऱ्याच्या चपलांनी, माझा उंबरा झिजला,*
*लेक द्यायाच्या घोरानं, बाप उभ्यानं निजला.*

मिरजेचं पत्र आलं तसं आप्पांनी एकदाच तोंड उघडलं. “ह्ये चौगुल्यांचं स्थळ जमलं न्हाई, तर जा मिरजेला. मी सोता तुला फाट्यावर सोडतो. जमलं, तर त्यो कागद चुलीत. कबूल?”

मी कबूल म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

चौगुल्यांचा मुलगा म्हणजे हिंदुराव. एस.टी.त कंडक्टर, नोकरी अजून कायम व्हायची होती. मी त्याला एकदा बघितलं होतं, म्हणजे त्याचे पाय बघितले होते. बघण्याच्या कार्यक्रमात मान वर करायची सोय नव्हती. स्वच्छ पाय होते, एवढंच सांगू शकले असते. माझं त्या पायांशी काही वैर नव्हतं. मला फक्त सोमवारी मिरजेला जायचं होतं.

शुक्रवारी सुपारी फोडायची ठरली. रविवारी अमावास्या. आत्याचं पंचांग पाठ, ती चारदा म्हणाली होती, “शुक्रवार हुकला की पुढं आठ दीस कायबी न्हाई बरं का.” ते आठ दिवस माझ्या डोक्यात घंटेसारखे वाजत होते. मला लागणार होतं ते एका दुपारचं आजारपण. एक दुपार पडून काढायची, पाहुणे चहा पिऊन परत जातील, आणि सोमवार मोकळा. आप्पा शब्दाला जागणारे. जमलं नाही म्हणजे जमलं नाही.

म्हणून शुक्रवारी सकाळी, लाडू खाऊन झाल्यावर, मी पोट धरून निजले.

“काय झालं गं?” आत्या पिठाचे हात घेऊन आली.

“दुखतंय.”

“काय खाल्लंस?”

इथं माझी अक्कल संपली. आजार कुठला, किती कण्हायचं, हे सगळं मी ठरवलं होतं. काय खाल्लं ते ठरवायचं राहिलं. लाडू म्हणायची सोय नव्हती. खिडकीतून परड्याचं कुंपण दिसत होतं, चंद्रज्योतीचं. त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोड लागतात, म्हणून गावातलं प्रत्येक पोर कधी ना कधी त्या खातं, दिवसभर ओकतं, दुसऱ्या दिवशी परत कुंपणापाशी खेळतं.

“चंद्रज्योतीच्या बिया,” मी म्हणाले.

मला वाटलं, आत्या दोन शिव्या घालील आणि ताक देईल. पण तिचा चेहराच उतरला. सहा वर्षांचं पोर बिया चुकून खातं. अठरा वर्षांची मुलगी, सुपारीच्या दिवशी, चुकून खात नाही. हे तिला एका क्षणात कळलं. मला कळायला तिची किंकाळी ऐकावी लागली.

“दादाऽ! पोरीनं घात केला रं!”

आप्पांचा डावा गुडघा दुखरा. सपाटीवरसुद्धा ते काठी घेऊन चालायचे. त्या दिवशी ते काठी विसरून धनगरवाड्याचा डोंगर चढून गेले आणि बायजाबाईला घेऊन सव्वा तासात परत आले. अंगातला सदरा पिळून पाणी निघावं असा भिजलेला. त्यांना तसं दारात उभं बघून माझ्या पोटात खरोखरच कळ आली. पण खोटं एकदा बोललं की ते आपलं राहत नाही. ते घरातल्या सगळ्यांचं होतं.

आमच्या डोंगरात कुणी नको ते खाल्लं की बायजाबाई, आणि बायजाबाई म्हणजे पित्तमारी. कुंपणावर चढणारा साधा वेल, पानाला रूप नाही, शेंगा मात्र बकऱ्याच्या शिंगांसारख्या जोडीनं लागतात. गुण सगळा मुळीत. उगाळून पोटात गेली की आतलं सगळं बाहेर. पण त्या मुळीचे नियम कडक. खणायच्या आधी वेलाला चिमूटभर तांदूळ वाहून आजाऱ्याचं नाव सांगायचं. देणारीनं आजाऱ्याला हात लावायचा नाही. ओकताना कपाळ धरायचं ते घरच्या माणसानं, आणि एकदा धरलं की तीन वेळा होईपर्यंत सोडायचं नाही. दोनवर सुटलं तर अर्धं विष आत राहतं म्हणायचे. पडेल ते राखेनं भरलेल्या घमेल्यात. मग देणारी काडीनं राख उकरून बघणार, जे खाल्लं ते आलं का.

तर ती माझ्यापुढं वाटी धरून विचारत होती, आणि मला एकाच वेळी दोन गोष्टी कळल्या. एक, तिला संशय आलाय. दोन, घमेल्यात बिया दिसणार नाहीत.

खरं बोलावं तर आप्पा दारात. त्यांचा भिजलेला सदरा. सुपारी तासाभरात फुटणार, आणि मी खोटारडी म्हणून वर चार शब्द.

“खाल्ल्या,” मी म्हणाले.

बायजाबाईनं माझ्याकडे बघितलं. मग वाटीतलं अर्धं तिनं मागच्या दारी ओतलं आणि उरलेलं माझ्या हातात दिलं. “घे तर मग. एका घोटात.”

कडू हा शब्द तिथं पुरत नाही. जिभेला आधी काही कळतच नाही, आणि मग कान कडू होतात.

त्याच वेळी सोप्यात पाहुण्यांच्या चपला वाजल्या. हिंदुरावाचा मामा पुढं, मोठ्या आवाजाचा, लाल फेट्याचा. “काय आप्पा, सामसूम दिसतीया! लग्नघर हाय का चावडी?”

बोलली आत्या. बोलली म्हणजे, हंबरडा फोडला, “पोरीनं बिया खाल्ल्या हो, पावणं!” तो ऐकून शेजारपाजारच्या बायका दाराशी गोळा झाल्या.

आणि मला पहिला उमाळा आला.

“आत्या, कपाळ धर!” बायजाबाई ओरडली.

आत्या आत धावली, घमेल्याकडे एकदा बघितलं, आणि तिचंच तोंड वाकडं झालं. “मला न्हाई गं बघवत. मलाबी हुतंय,” म्हणून ती खांबाला धरून खाली बसली. आप्पा पुढं आले, पण वाकताना गुडघ्यानं दगा दिला, ते चौकटीतच अडकले. माझं डोकं बाजेवरून खाली लोंबत होतं आणि डोळ्यांपुढं राखेचं घमेलं गरगरत होतं.

मग कपाळावर हात आला. थंड, रुंद, स्वच्छ. खाली बघितलं तर ते पाय. तेच.

“अहो, तुम्ही घरचं न्हवं!” बायजाबाई म्हणाली.

“मग कोण हाय इथं घरचं मोकळं?” हिंदुराव म्हणाला. “गाडीत रोज चारजण ओकत्यात, मावशी. मला सवय हाय.” आणि माझ्या कानापाशी वाकून, तिकीट विचारावं तितक्या सहज आवाजात म्हणाला, “होऊ दे. घाई न्हाई.”

एकदा झालं. त्यानं पदराचं टोक बाजूला केलं. दुसऱ्यांदा झालं. माझ्या वेणीत शेवंतीची फुलं आत्यानं सकाळीच माळली होती, ती घमेल्यात पडू नयेत म्हणून त्यानं वेणी दुसऱ्या हातात धरली. मी मनातून म्हणत होते, सोड, सोड, तू सोड ना. तो सोडेना. तिसऱ्यांदा झालं, तेव्हा माझ्यात काहीही उरलं नव्हतं, लाज धरून.

बायजाबाईनं काडी घेतली. राख उकरली. त्या घमेल्यावर तीनच माथी वाकलेली होती: तिचं, त्याचं, आणि माझं, तेही दुसऱ्याच्या हातात. मी डोळे मिटून घेतले.

काडी थांबली.

“आलं,” बायजाबाई मोठ्यानं म्हणाली. “समद्या बिया आल्या. मोकळी झाली पोर.” आणि तिनं दोन मुठी राख वर टाकून घमेलं उचललं.

मी डोळे उघडून हिंदुरावाकडे बघितलं. पहिल्यांदाच तोंड बघत होते. त्यावर काहीच नव्हतं. कंडक्टरचं तोंड, गाडी भरलेली असो की रिकामी, सारखंच. तो उठून मागच्या दारी हात धुवायला गेला.

सोप्यात मामांचा आवाज चढला होता. “आता ह्येचा अर्थ काय लावायचा आम्ही? पोरीला स्थळ पसंत न्हाई, असंच का?”

आणि आत्यानं, माझ्या प्रेमळ आत्यानं, मला वाचवलं.

“पसंत न्हाई कसं म्हणता? तुमच्या पोराचं पत्र आलं की परवा! ‘मला एवढ्यात लग्न करायचं नाही, तुमच्या मुलीस दुसरे स्थळ पाहावे.’ दादानं फळीवर दडवून ठेवलं हुतं. पोरगी मॅट्रिक झालीया, वाचलं असंल तिनं! म्हणून खाल्ल्या बिया. त्या पोरासाठी खाल्ल्या हो!”

मी आतल्या खोलीत पडल्या पडल्या ते ऐकलं. त्यानं नकार कळवला होता. परवाच. मामा त्याला दटावून घेऊन आला होता, आणि आप्पांनी पत्र दडवलं होतं, की समोरासमोर बसवलं की लाजेनं हो म्हणेल. मी काही केलं नसतं, नुसती साडी नेसून चहाचा ट्रे धरून उभी राहिले असते, तर तो नाही म्हणाला असता, आणि सोमवारी आप्पा मला फाट्यावर सोडायला आले असते. तोंडात पित्तमारी होती म्हणून बरं. त्या क्षणी दुसरं काहीही तितकंच कडू लागलं असतं.

मामांनी फेटा काढून मांडीवर ठेवला असावा, कारण पुढचा आवाज वेगळाच आला, पातळ. “असं हाय व्हय? हिंद्या! हिकडं ये. ऐकलंस? आजकाल कोण कुणासाठी जीव देतंय रं? आणि तू कपाळ धरलंस, समद्या गावानं दारातनं बघितलं. कपाळ धरणारा घरचाच असतोय. बोल आता.”

मग हिंदुरावाचा आवाज, ओल्या हातांचा.

“करतो लगीन.”

सुपारी अडकित्त्यात फुटल्याचा कटकन आवाज मी बाजेवरून ऐकला. बायका म्हणाल्या, अशी माया बघितली नाही.

त्या रात्री मी मनाशी ठरवलं, सुपारी फुटू दे, सोमवारी जायचंच. कुणाला न सांगता. पण बायजाबाईनं सांगितलं होतं ते खरं होतं. विषावर ती मुळी औषध असते, आणि विष नसलेल्या पोटात तीच विष. शनिवारी पाण्याचा घोटही ठरेना. रविवारी भिंत धरून उभी राहिले तर भिंतच चालू लागली. आणि आत्यानं शनिवारीच चौगुल्यांकडे निरोप धाडला होता, “पोरगी ठणठणीत हाय, चुलीपाशी बसून भाकऱ्या थापतीया.” व्याह्यांना मुलीचं आजारपण कधी कळवायचं नसतं, हे ती आप्पांना समजावत होती. सोमवारचं मी कुणाला बोलले नाही. ते आत्याला तेवढं ठाऊक, आणि मरताना ती ते बरोबर घेऊन गेली. मी बाजेवर उठून बसले तेव्हा मंगळवारची संध्याकाळ होती.

फाल्गुनात लग्न झालं.

संसार चांगला झाला, हे सांगायलाच हवं. हिंदुराव शब्दानं कमी, हातानं मायाळू. दोन मुलं झाली, गारगोटीजवळ घर झालं. पुढं मला अंगणवाडीत काम मिळालं. लस टोचायच्या दिवशी मी पोरांचे हात धरून ठेवायची. टोचणारी नर्स दवाखान्याच्या जीपमधून यायची. तिच्या टोपीकडे मी फार वेळ बघायची नाही.

आणि ती गोष्ट. ती आमच्याआधी सगळीकडे पोचलेली असायची. डेपोतले लोक जेवायला आले की एकजण तरी म्हणायचा, “वहिनी, आमच्या चौगुल्यात तुम्ही बघितलं काय म्हणून बिया खाल्ल्या? आमच्यासाठी कुणी शेंगदाणा खाईना!” सगळे हसायचे. हे मान खाली घालून जेवत राहायचे, पण ओठाच्या कडेला एक हसू उमटायचं, अगदी बारीक, आतल्या आत मुरलेलं. मला कळायचं, माणूस सुखावलाय. आपल्यासाठी कुणी जिवावर उदार झालं होतं, या एका गोष्टीवर तो ताठ मानेनं चालतोय. मी कितीदा खरं सांगायला गेले आणि ते हसू बघून परतले. घमेल्यात त्यांना काय दिसलं असेल, हा प्रश्न यायचा. राखेत माणसाला काय दिसतंय, असं म्हणून मी तो परतवायची. अडतीस वर्षं मी त्यांचं ते खोटं सुख जपलं. मला वाटायचं, आमच्या संसारात मी केलेलं सगळ्यात मोठं काम तेच.

गेल्या माघात, दुपारी, आम्ही अंगणात पावटे सोलत बसलो होतो. हे रिटायर झालेले. सकाळी गारगोटीच्या स्टँडपर्यंत फिरून आले होते. अर्धी पाटी सोलून झाल्यावर म्हणाले,

“बायजाबाई गेली.”

“कधी?”

“बुधवारी. धनगरवाड्याचा भिकू सांगत होता. त्र्याऐंशीची असंल.”

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. गुरुवारचं लोणी आठवलं. ‘परत वाच’ आठवलं.

“मग आता सांगायला हरकत न्हाई,” हे म्हणाले. “मी जित्ती हाय तवर बोलायचं न्हाई, म्हणून तिनं शपथ घातली होती.”

“काय सांगायला?”

“घमेल्यात बिया नव्हत्या.”

मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

“लाडू होते,” ते म्हणाले. “रव्याचे. बेदाणेबी होते.”

परसातली कोंबडी उगीच ओरडली. अडतीस वर्षं जपलेलं माझं काम पावट्याच्या सालांसारखं पायाशी पडलं होतं. मला हसूही येईना.

“सगळं ठाऊक होतं? तरी हो म्हणालात?”

“सांगतो की. हात धुवायला मागच्या दारी गेलो, बायजाबाई तांब्यानं पाणी घालत होती. म्हणाली, पावणं, पोरगी खोटं बोलली. तिला सोमवारी मिरजेला जायचंय, नर्स व्हायला. तुम्ही आता न्हाई म्हणालात, तर तुमचा मामा घमेलं उकरून बघायला लावंल आणि पोरीची अब्रू जाईल. आता हो म्हणा. सोमवारी ती गाडीत बसली, की खुशाल मोडा.” त्यांनी शेंगेतले दाणे पाटीत टाकले. “मला पटलं. मला तरी कुठं लगीन करायचं होतं?”

“मग मोडलं का नाही?”

हे शेंगा सोलत राहिले. साल एका बाजूला, दाणे एका बाजूला. बासष्ट वर्षांच्या माणसाचे कान तांबडे झालेले मी पहिल्यांदा बघत होते.

“सोमवारची ड्यूटी मी मागून घेतली. साडेसहाची कोल्हापूर. म्हटलं, पोरगी एकटी येणार, घरातनं चोरून. गाडी चुकली तर समदंच हुकलं. फाट्यावर थांबलो. खिडकीची शीट रुमाल टाकून धरली. पाच मिनिटं झाली, धा झाली. तू दिसंना. पाशिंजरं वरडाय लागली, तवा म्हटलं, चाकात हवा कमी हाय. खाली उतरलो आणि चाकाला लाथा मारत बसलो. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून शिव्या देतोय. पंचवीस मिनिटं, अनसा. मी त्या बांधाकडं बघत होतो.”

“हं.”

“तुझ्या आत्याचा निरोप आलेला होता, पोरगी ठणठणीत हाय म्हणून. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हटलं, यायला येत होतं, पण आली न्हाई. मिरज सोडलं पोरीनं. माझ्यापायी सोडलं.” ते हसले. तेच हसू, बारीक, मुरलेलं. ते बियांचं नव्हतंच कधी. “घंटी मारली आणि निघालो. मग मोडायचं काय? लोक बियांची गोष्ट सांगायचे, मी गप ऐकायचो. म्हणायचो, तुम्हाला खरी कुठं ठाऊक हाय?”

त्यांनी पाटी बाजूला सरकवली.

“कधी इचारलं न्हाई तुला. आज इचारतो. का आली न्हाईस?”

खोटं बोलायला फार काही लागलं नसतं. ‘तुमच्यासाठीच’ एवढा एक शब्द; तो त्यांच्या डोळ्यांत आधीच तयार होता, मी नुसता उचलायचा होता. मी तोंड उघडलं, आणि त्यातून ते निघालंच नाही.

“आले होते,” मी म्हणाले. “आत्याचा डोळा चुकवून निघाले होते. निम्म्याच्या वर आले आणि बांधावर पडले, ती शोधत येईपर्यंत तिथंच. गाडी थांबलेली मला ऐकू येत होती, सगळा वेळ. पण मला उठवतच नव्हतं हो.”